रिकामी परत जाणारी लाँच: कोयनेच्या पाण्यातल्या एका वाडीचं प्लास्टिक

वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तिथल्या लोकांनीच सांगितलंय की नाव टाकू नका, शनिवार-रविवारी आधीच नको तेवढी गर्दी होते. जावळी तालुक्यातली आहे एवढं पुरे. साताऱ्यावरून कास पठार ओलांडायचं, बामणोलीला उतरायचं आणि तिथून लाँच. तीन बाजूंनी कोयनेचं पाणी, म्हणजे शिवसागर, आणि चौथ्या बाजूला डोंगर न् जंगल, तेही व्याघ्र प्रकल्पाला लागून, त्यामुळं त्या अंगानं गाडीरस्ता होईल अशी आशा कुणी धरत नाही. नकाशावर हे बेट नाही. पण मीठ, काडेपेटी, युरिया, सिमेंट, गॅसची टाकी, मास्तर आणि लग्नातली नवरी हे सगळं जिथं पाण्यावरूनच येतं तिथं राहणाऱ्याच्या लेखी ते बेटच. वीस-पंचवीस उंबरे असतील. त्यातल्या निम्म्या घरांना वर्षातले बरेच महिने कुलूप, कारण माणसं मुंबईला, कुणी माथाडीत तर कुणी हॉटेलात, आणि मे महिना, गणपती न् गावची यात्रा या तीन वेळेला वाडी एकदम भरते.

धरणाची गोष्ट इथं लहान पोरालाही पाठ आहे. १९६० च्या दशकाच्या सुरवातीला कोयनेचं पाणी अडलं, खालची भाताची खाचरं आणि जुनं गावठाण पाण्यात गेलं, काही घरं लांब पुनर्वसनाला गेली आणि उरलेली वर सरकून डोंगराच्या उतारावर बसली. १०५ टीएमसीचं (म्हणजे १०५ अब्ज घनफूट) धरण, पाण्याची शेपूट पार तापोळ्यापर्यंत, जिथं कोयना, सोळशी आणि कांदाटी भेटतात. हे सांगायचं कारण असं की हे पाणी एका पातळीवर राहत नाही. पाऊसकाळ संपताना काठोकाठ, आणि मे महिन्यात इतकं खाली की लाँच लावायची जागा सारखी खाली सरकवावी लागते आणि शेवटी शेवटी गाळातून चालत जाऊन लाँच गाठायची. पाणी उतरताना काठावर प्लास्टिकच्या आडव्या रेघा सोडत जातं. एकेका रेघेत बाटल्यांची बुचं, चपलांचे तुकडे, थर्माकोलचे गोळे आणि गुटख्याच्या पुड्या (गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे त्या रेघांना कुणीतरी सांगायला पाहिजे).

आणि कोयनेचं पाणी दोन्हीकडं जातं. धरणाखाली सोडलेलं कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि तिथून बंगालच्या उपसागराकडं. वीज करायला बोगद्यातून नेलेलं पोफळीला उतरतं, तिथून वाशिष्ठी, चिपळूण, दाभोळची खाडी आणि अरबी समुद्र. वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं पश्चिमेला वळवायची मुभा आहे. मोठा कचरा जाळ्यांना अडकतो, पण उन्हानं भुगा झालेलं प्लास्टिक अडकेलच असं काही नाही, म्हणजे जावळीच्या एका वाडीतून दोन समुद्रांना वाट आहे.

बेटांवरच्या प्लास्टिकबद्दल वाचायला गेलं की हेंडरसन बेटाचं नाव हमखास येतं. दक्षिण पॅसिफिकमधलं, माणसाची वस्तीच नाही, आणि २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज काढला की तिथल्या किनाऱ्यावर ३ कोटी ७७ लाख तुकडे पडलेत, वजन साडेसतरा टनांच्या आसपास. तिथं कचरा समुद्राच्या प्रवाहाबरोबर येतो, त्याला दारात अडवायला कुणी नाही. आपल्या वाडीचं बरोबर उलटं. इथं आत येणारं जवळजवळ सगळं एकाच धक्क्यावर, कुणाच्या तरी हातातून, कुणाच्या तरी पिशवीतून उतरतं. तरी गावातली सगळी चर्चा उतरल्यानंतरची, म्हणजे जाळायचं का पुरायचं.

आधी काय चालायचं ते सांगतो. वाळलेलं कागद-पिशवी असेल तर सकाळी चुलीत, कारण पावसाळ्यात ओलं सरपण पेटत नाही आणि पिशवीचा तुकडा लावला की भडका होतो. हे बायका हौसेनं करत नव्हत्या, सरपण ओलं असतं तेव्हा दुसरं काय हाताशी असतं सांगा. बाकीचं उन्हाळ्यात राबावर. राब म्हणजे भाताचं रोप टाकायच्या आधी तरव्याची जमीन भाजतात, त्यासाठी पालापाचोळा, शेण, कवळं पसरून पेटवतात, त्यात हळूहळू घरातलं प्लास्टिकही जायला लागलं. म्हणजे धूर तर झालाच, वर जिथं आपण खायच्या भाताचं रोप करतो त्याच मातीत ती अर्धवट जळलेली काळी गोळी मिसळली. पाइपाचे तुकडे, चपला, वायरीची कव्हरं यात पीव्हीसी असतं, आणि पीव्हीसी उघड्यावर जाळलं की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. आणि जे जळत नाही ते घळीत. घळ पावसाळ्यात वाहते आणि थेट धरणात उतरते, त्यामुळं दर जूनला घळ आपोआप 'साफ' व्हायची आणि सगळ्यांना वाटायचं बरं झालं.

आमचा साताऱ्यातला एक ग्रुप आहे, किल्ल्यांवर जाऊन कचरा गोळा करणारा. वासोट्याला जाता-येता या वाडीत थांबायचो. तिथल्या सरपंच ताई एकदा स्पष्टच बोलल्या, "तुम्ही पोती भरता, फोटो काढता, जाता. म्हैन्यानं परत तेवढंच पडलेलं असतंय. एकदा आमच्या घरातनं काय निघतंय ते तरी बघा." मुद्दा बिनतोड होता. मग पुढच्या महिन्यात प्रत्येक घरात खताची एक रिकामी गोणी टांगली, काही जाळायचं नाही, काही टाकायचं नाही, सगळं गोणीत. महिन्यानं देवळाच्या पटांगणात सगळ्या गोण्या उपड्या केल्या आणि ढीग वेगळे करून ताणकाट्यावर तोलले.

सगळ्यांची खात्री होती की पाण्याच्या बाटल्या सगळ्यात जास्त निघणार, कारण डोळ्याला त्याच दिसतात. मोजायला गेलं तर नगावर सगळ्यात जास्त निघाल्या छोट्या पुड्या: शांपूची, चहा पावडरची, मसाल्याची, वेफर्स-कुरकुऱ्याची, बिस्किटाची. वजनाला मात्र त्या किरकोळ. वजनाला बाटल्याही पहिल्या नंबरवर नव्हत्या. सगळ्यात जड ढीग होता फाटक्या प्लास्टिक कागदाचा.

हा प्लास्टिक कागद शहरातल्या माणसाला कळणार नाही म्हणून जरा थांबून सांगतो. या पट्ट्यात पाऊस म्हणजे पाऊस नसतो, झड असते, आडवी. जवळच्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि इथंही फार कमी नाही. मातीच्या भिंतीवर ती झड बसली की भिंत फुगते न् ढासळते. पूर्वी पावसाआधी गवताची, पेंढ्याची झडपं बांधायचे. आता मे महिन्याच्या शेवटी काळा नाहीतर निळा पातळ कागद मीटरवर आणतात आणि पश्चिमेच्या भिंतींना, गोठ्याला, पडवीला चहूबाजूनं बांधतात. वाऱ्यानं तो गणपतीपर्यंत चिंध्या होतो. दरवर्षी नवीन. प्रत्येक घराला काही किलो. आणि गंमत म्हणजे हे प्लास्टिक कुणाच्या 'कचरा' या हिशोबातच नव्हतं, कारण तो घराचा भाग होता.

बरं, पुनर्वापर हा शब्द न वापरता पुनर्वापर इथं आधीपासून जोरात चालू होता. भिंतीवरचा कागद फाटला की त्यातला धड तुकडा सरपणावर, तो फाटला की पेंढ्याच्या उडवीवर, त्यातून उरलेल्याची लावणीच्या वेळी पावसात डोक्यावरून घ्यायची खोळ, खोळ फाटली की कोंबड्यांच्या खुराड्यावर. खताच्या गोणीची तर गोष्टच वेगळी, ती धान्याला, ती दप्तराला, ती पायपुसण्याला, ती उसवून दोऱ्याला. तेलाचा पाच लिटरचा डबा कापून एकात कोंबड्यांचं पाणी आणि एकात तुळस. त्यामुळं बाहेरून येऊन 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवणाऱ्यांचं मला जरा हसूच येतं. वाडीला वापरायला शिकवायची गरज नव्हती. प्रश्न होता की दहा वेळा वापरून झाल्यावर अकराव्यांदा ते कुठं जाणार.

आमच्यातल्या काही उत्साही मंडळींनी विटांची कल्पना आणली, म्हणजे बाटलीत मऊ प्लास्टिक ठासून भरायचं आणि त्या बाटल्यांची बाकडी, कट्टे बांधायचे. शाळेतल्या पोरांनी मनापासून भरल्या. पण त्याचा नियम असा आहे की एका मिलिलीटरला किमान ०.३३ ग्रॅम भरलं पाहिजे, म्हणजे लिटरच्या बाटलीचं वजन ३३० ग्रॅमच्या खाली नको, नाहीतर ती दबते. तेवढं ठासायला एका पोराची एक अख्खी दुपार जाते, शिवाय आत घालायच्या पुड्या धुऊन कोरड्या लागतात. आणि उन्हात दोन-चार वर्षात बाहेरची बाटली ठिसूळ होणार, मग आतलं सगळं भुगा होऊन परत बाहेर. गिलाव्याच्या आत बंद केलं तर ठीक, तरी ते प्लास्टिक संपलेलं नसतं, नुसतं एका जागी लावून ठेवलेलं असतं. शाळेपुढं एक कट्टा झाला, मातीनं लिंपला, छान आहे, त्याच्यापुढं ते नेलं नाही. हे बरं झालं असं माझं मत. तसंच खताच्या गोण्यांच्या वनराई बंधाऱ्याचं, म्हणजे गोण्या मातीनं भरून ओढ्यात आडव्या रचायच्या. बंधारा उत्तम, ओढ्याला पाणी टिकतं, पण उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या बंधाऱ्यावरच्या गोण्यांचे धागे सुटायला लागतात आणि मग ते गोळा करणं म्हणजे खिचडीतून मोहरी वेचणं. आता तिथं ठरलंय की पाणी आटलं की गोण्या रिकाम्या करून उचलायच्या, उन्हात ठेवायच्या नाहीत.

खरी सुरवात झाली ती लाँचवाल्या आबांच्या एका वाक्यानं, आणि तेही तक्रारीच्या सुरात. बाजाराच्या दिवशी येताना लाँच सामानानं खच्चून भरलेली असते आणि उलट फेरीला दोन-चार माणसं न् एखादं करडू. आबा म्हणाले, "येताना लोड, जाताना डिझेल जाळत मोकळी जायची, परवडतंय व्हय?" तिथंच सगळं होतं. बेटावरच्या कचऱ्याचं सगळ्यात मोठं दुखणं असतं वाहतूक, रिसायकलिंग नंतरची गोष्ट. आणि वाहतूक तर आधीच चालू होती, फक्त एका बाजूनं रिकामी.

आबा लगेच तयार झाले असं मात्र नाही. त्यांचं म्हणणं, लाँचला वास लागला तर पर्यटक बसणार नाहीत, आणि वाऱ्यानं एक पोतं फुटून पाण्यात गेलं तर नाव माझं जाणार. मग अटी ठरल्या. फक्त धुतलेलं आणि कोरडं. गोणीचं तोंड सुतळीनं शिवलेलं, नुसतं बांधलेलं चालणार नाही. बाटल्या पायानं चेपून बुचं वेगळी. गोणी पुढच्या बाजूला, ताडपत्रीखाली. बाजाराच्या दिवशीच, एरवी नाही. लिटरची रिकामी बाटली साधारण वीस-पंचवीस ग्रॅमची, म्हणजे किलोला चाळीस-पन्नास बाटल्या लागतात. न चेपता भरल्या तर एवढं मोठं पोतं दिसतं आणि वजन बघितलं तर काहीच नाही, त्यामुळं चेपणं हा नखरा नव्हता, सगळा हिशोब त्याच्यावरच होता.

आणि पावसाळा. जूनपासून चार महिने काहीच वाळत नाही, वारं-धुकं असलं की लाँचही बंद. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी खाली जातं आणि गाळातून पोती वाहून न्यायला कुणी तयार होत नाही. म्हणजे नेण्याचा खरा हंगाम दिवाळी ते होळी. तोपर्यंत साठवायचं कुठं? शाळेची जुनी गळकी खोली होती, तिला पत्रे टाकले आणि आत बांबूचं मचाण केलं, उंदीर आणि ओल दोन्हीपासून वर. हे नियोजन तालुक्याच्या कुठल्याही आराखड्यात बसत नाही कारण आराखडे 'दर आठवड्याला घंटागाडी' असं धरून चालतात. इथं घंटागाडीला आधी पोहायला शिकावं लागेल.

कागदोपत्री बोलायचं तर जबाबदारी ग्रामपंचायतीचीच आहे. २०१६ चे प्लास्टिक कचऱ्याचे केंद्राचे नियम गावांनाही लागू आहेत. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र आणि त्याला १६ लाखापर्यंत निधी अशी तरतूद होती, आणि २०२६ पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ठराविक हिस्सा स्वच्छतेवरच खर्च करायचा होता. खोलीचे पत्रे आणि ताणकाटा या वित्त आयोगाच्या पैशातून बसले. डिझेलचं मात्र कुठल्याच लेखाशीर्षात बसेना. आबांनी सांगितलं फुकट नेतो पण हमाली देणार नाही, म्हणून धक्क्यावर पोती चढवायला-उतरवायला बचत गटाच्या दोघीजणी, आणि भंगाराचे जे काय पैसे येतील ते त्यांचे. फार होत नाहीत ते. बाटल्या आणि कडक प्लास्टिक विकलं जातं, त्यातून हमाली निघते आणि वर चहा, एवढंच. नफा होईल म्हणून कुणी हे करणार असेल तर करू नका.

आता कमी करण्याकडं येतो, कारण सगळ्यात मोठा फरक तिथं पडला आणि त्याची बातमी कधीच होत नाही. भिंतीचा कागद. पातळ कागद स्वस्त पण दरवर्षी. जाड, कडेला कड्या असलेली ताडपत्री महाग पण नीट काढून घडी घालून माळ्यावर ठेवली तर तीन-चार पावसाळे काढते. सगळ्यांना हे माहिती होतं, फक्त मे महिन्यात एकदम तेवढे पैसे हातात नसतात. बचत गटानं साताऱ्यातून एकदम घाऊक घेतल्या आणि घरांना हप्त्यानं दिल्या, दिवाळीपर्यंत फेडायच्या. एक वहिनी म्हणाल्या, "आवं कागद बांधायचं कामबी वाचलं, पैल्यांदा जूनमधी कंबर धरली न्हाई." कड्यांमुळं नुसत्या दोऱ्यांनी बांधता येते, खिळे-पट्ट्या मारायला लागत नाहीत म्हणून फाटतही कमी. सगळ्यांनी नाही घेतली. दोन-तीन म्हाताऱ्या माणसांची घरं अजून पातळ कागदावरच आहेत, आणि बंद घरांचे मालक मुंबईवरून फोन करून 'बांध काहीतरी' सांगतात, तिथंही पातळच.

पर्यटकांच्या बाटल्यांचं प्रकरण जास्त तिखट. वाडीत एकच दुकान, तात्यांचं, आणि थंड पाण्याची बाटली हे त्यांचं शनिवार-रविवारचं हुकमी उत्पन्न. ग्रामसभेत कुणीतरी 'बाटलीबंदी करा' म्हणल्यावर तात्या शांतपणे म्हणाले, "करा की. मग दुकान बी चालवा तुम्हीच." त्यांचं काय चुकलं? वासोट्याला जाणाऱ्यांना माहिती असेल, पायथ्याला वनखात्याचे लोक सॅकमधल्या प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि उतरताना तेवढ्याच परत दाखवाव्या लागतात. तिकडं तमिळनाडूत नीलगिरीत २०२२ पासून दारूच्या बाटलीमागं दहा रुपये जादा घेतात आणि रिकामी बाटली परत दिली की ते पैसे परत. दोन्हीतली युक्ती एकच, वस्तू परत आणायला माणसाला कारण पाहिजे. तात्यांनी बाटलीवर वीस रुपये डिपॉझिट सुरू केलं, झाकणावर लाल रंगाचा ठिपका, आणि परत फक्त त्यांच्याच दुकानात. दुसरीकडं झऱ्याच्या पाण्याच्या टाकीला फिल्टर बसवून तात्याच लिटरवर पाणी विकतात, स्वतःची बाटली आणा, भरून घ्या. यात त्यांना बाटलीपेक्षा जास्त सुटतं, कारण लाँचचं भाडं नाही. सुरवातीला शहरातली लोकं झऱ्याचं पाणी म्हणल्यावर नाक मुरडायची, मग तात्यांनी फिल्टर दुकानाच्या आतून काढून दर्शनी भागात बसवला आणि तो प्रश्न मिटला.

टेंटवाले हा वेगळा विषय. काठावर तंबू लावणाऱ्यांतले काही गावचेच, काही बाहेरून जागा भाड्यानं घेणारे. गावचे ऐकतात कारण त्यांच्या आईला रोज पाणवठ्यावर तोंड दाखवायचं असतं. बाहेरच्यांनी एका सीझनला डिस्पोजेबल ताटं, ग्लास, थर्माकोलच्या वाट्या असा सगळा माल उतरवला. राज्यात थर्माकोलची ताटं-वाट्या २०१८ च्या मार्चपासून बंद आहेत, पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड, आणि १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकची ताटं, ग्लास, चमचे, स्ट्रॉ देशभर बंद. पण दंड करायला इथं येणार कोण? इथं परत आबाच कामाला आले. सगळ्या लाँचवाल्यांनी मिळून ठरवलं की असला माल लाँचमध्ये चढवायचाच नाही, धक्क्यावरच राहू दे. सरकारी कायद्याला चार वर्षात जे जमलं नाही ते चार लाँचवाल्यांनी नुसतं 'नाही' म्हणून केलं. थोडी वादावादी झाली, एकानं खाजगी स्पीडबोट आणून बघितली, ती परवडली नाही.

यात्रेची पंगत हा शेवटचा किल्ला होता आणि तो अर्धाच सर झालाय. मुंबईकर मंडळाची पंगत म्हणजे प्रतिष्ठेचा विषय, पाच-सहाशे पानं उठतात. पूर्वी गावकीची भांडी असायची, तांब्या-पितळेची मोठी पातेली, आणि पत्रावळी जंगलातल्या पानांच्या. मंडळानं पुन्हा गावकीची म्हणून स्टीलची ताटं-वाट्या घ्यायचं ठरवलं, पैसेही गोळा झाले, आणि मग बायकांनी विचारलं की पाचशे ताटं घासणार कोण. एका मामींनी तर सांगूनच टाकलं, "प्लास्टिक वाईट हाय ते कळतंय आमाला, पर तुमचं प्लास्टिक आमच्या मनगटात नका घालू." बिनतोड. शेवटी ठरलं की ज्याचं ताट त्यानं घासायचं, टाकीजवळ राख आणि काथ्या ठेवायचा, आणि पहिल्या रांगेला मंडळाच्या अध्यक्षांपासून सुरवात. ते पहिल्या वर्षी टाळ्यांच्या गजरात झालं. दुसऱ्या वर्षी पाव्हण्यांना ताट घासायला कसं सांगायचं यावरून पुन्हा पत्रावळी आल्या, निदान त्या पानांच्या होत्या, जरी शिवलेल्या विकतच्या. ताटं मात्र आता लग्नाला, बारशाला भाड्यानं जातात आणि काही टेंटवालेही नेतात, म्हणजे पैसे वाया गेले नाहीत.

आता पोती साताऱ्यात पोचल्यावर काय? हा प्रश्न विचारायचा टाळतात लोक. मालदीवमध्ये माले शहराजवळ थिलाफुशी आहे, तिथं १९९२ पासून बोटींनी कचरा आणून टाकत गेले आणि त्या भरावानं अख्खं बेट उभं राहिलं. वाहतूक चोख होती, फक्त शेवटाला काही नव्हतं. आपलं पोतं बामणोलीवरून साताऱ्याला जाऊन तिथल्या ढिगात जळणार असेल तर आबांचं डिझेल फुकट. म्हणून भंगारवाल्याकडं जाऊन बघितलं. पाण्याच्या बाटल्या, तेलाचे डबे, कडक प्लास्टिक, धड गोण्या तो घेतो आणि पुढं जाते. ताडपत्रीचा नि कागदाचा फाटका माल धुतलेला असेल तर घेतो, मातीचा असेल तर हात लावत नाही. चकचकीत पुड्या कुणीच घेत नाही, कारण त्यात दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात, आत धातूचा मुलामा, ते वेगळे करणं कुणाला परवडत नाही. त्या सिमेंटच्या भट्टीत जाळता येतात, पण तसे कारखाने आपल्याकडं चंद्रपूरच्या बाजूला. दुसरी वाट डांबरी रस्त्याची. मदुराईच्या प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची पद्धत, तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा बारीक चुरा टाकायचा, तो वितळून खडीला लेप बसतो आणि मग डांबर; त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. यात पीव्हीसी चालत नाही, बाकी पुड्या-पिशव्या चालतात. रस्त्याच्या एका ठेकेदाराशी बोललो तर तो म्हणाला, आणा, पण चुरा करून, कोरडा, आणि एकदम भरपूर. चुरा करायचं यंत्र तालुक्याच्या केंद्रात असेल तरच हे जमणार. तोपर्यंत पुड्यांची पोती मचाणावर थप्पी लावून आहेत, आणि हे इथं लिहिलंच पाहिजे कारण बाहेर सांगताना 'वाडी प्लास्टिकमुक्त झाली' असं सांगायची फार हौस असते लोकांना.

औषधांच्या बाटल्यांवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. तणनाशकाच्या, कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यात रॉकेल नाहीतर गोडंतेल ठेवायची सवय होती काही घरात. आता बाटली तीनदा खळाळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, बुडाला भोक पाडायचं म्हणजे पुन्हा कुणी काही भरणार नाही, आणि त्या वेगळ्या गोणीत, घरापासून लांब.

डायपर आणि पॅड, यावर कुणाकडंच उत्तर नाही. मे महिन्यात मुंबईची नातवंडं आली की हा ढीग अचानक उगवतो, गोणीत घालता येत नाही, जाळला तर अर्धा जळतो, सध्या पाणवठ्यापासून लांब खोल खड्डा घेऊन पुरतात. दोन आज्यांनी जुन्या लुगड्यांचे लंगोट शिवून ठेवलेत, सुना वापरतील तेव्हा खरं.

आणि एक नवीन गोष्ट आलीय. या भागात पुलांची कामं सुरू झाली, तापोळ्याजवळ आहीरकडं जाणाऱ्या पुलाचं तर सगळ्यांना माहितीय. आपल्या वाडीला पूल मिळालेला नाही, पण पलीकडच्या काठापर्यंत गाडी आली तर इथलं निम्मं सामान आबांच्या लाँचऐवजी होडीनं दहा मिनिटात येईल, आणि धक्का एकच राहणार नाही. वाडीला रस्ता पाहिजेच, अडल्या बाळंतिणीला लाँचमध्ये झोपवून नेलेली माणसं आहेत ती, त्यांना कचऱ्यासाठी बेटावर राहा म्हणायचा कुणाला अधिकार नाही. पण सगळी व्यवस्था एका धक्क्यावर आणि एका म्हाताऱ्या लाँचवाल्याच्या होकारावर उभी आहे हे सरपंच ताईंना बरोबर कळलंय. मागच्या ग्रामसभेत त्यांनी विषय घेतला की पलीकडच्या काठावरच्या गावाबरोबर मिळून एकच गोडाऊन करायचं, डिपॉझिटचा लाल ठिपका दोन्ही गावच्या दुकानात चालवायचा, आणि होडीवाल्यांनाही आबांच्याच अटी लावायच्या. पलीकडच्या दुकानदाराचं अजून उत्तर आलेलं नाही, त्याचं म्हणणं आधी मला सांगा, परत आलेल्या बाटल्या माझ्या दुकानामागं ठेवायच्या का तात्यांच्या.